दम, दमा आणि डोळ्यातला थेंब

कबड्डीच्या पंचाला एक वाक्य जन्मभर ऐकावं लागतं: "पंचाचे डोळे फुटलेत काय?" मी ते खालापुरात ऐकलंय, कर्जतच्या बाजूच्या गावांत ऐकलंय, मोहोपाड्याच्या कामगार वसाहतीच्या मैदानावर तर माझ्या नवऱ्याच्या कंपनीतल्या माणसांकडूनच ऐकलंय. त्यात पंच बाई असली की ओरडणाऱ्यांना जरा जास्तच चेव येतो. मी मुळात तापट. भाजीत मीठ कमी पडलंय असं कोणी नुसतं सुचवलं तरी माझं डोकं फिरतं. पण मैदानावर हे वाक्य ऐकून मी कधी मागे वळूनही बघितलं नाही. आपण नीट बघितलंय हे मला माहीत असायचं, आणि तेवढं पुरायचं.

मी शाळेत खेळ शिकवते. लग्नाआधी स्वतः चढाई करायचे. तोंडाने कबड्डी कबड्डी म्हणत, श्वास न तोडता समोरच्यांच्या अंगणात शिरायचं आणि शिवून परत यायचं, याला आमच्याकडे दम म्हणतात. दम धरला, दम तुटला, दम गेला अशी आमची भाषा. माझा दम बघायला शेजारच्या गावची माणसं टेंपो करून यायची. हे मी माझ्या तोंडाने सांगत नाही, माझी आई सांगते, आणि ती बाई कौतुकाच्या बाबतीत फार हात राखून असते. पुढे गुडघ्याने दगा दिला, चढाई सुटली, मी पंचाची परीक्षा दिली आणि गळ्यात शिटी आली. दागिन्यांची मला हौस नाही. गळ्यात शिटी असली की मला सगळं मिळाल्यासारखं वाटतं.

तर झालं असं की मुलींचे तालुक्याचे सामने होते आणि मी बाजूच्या रेघेवर उभी होते. एक पोरगी चढाईला आली. मैदानाच्या दोन्ही बाजूंना एक अरुंद पट्टा असतो, त्याला राखीव क्षेत्र म्हणतात. समोरच्या कोणाला शिवण्याआधी चढाई करणारीचा पाय त्यात पडला की ती बाद. पोरगी कोपऱ्यातल्या मुलीला शिवून आली, मी गुण दिला. लोक ओरडले, ते नेहमीचंच वाक्य. मी मान ताठ ठेवली. मग समोरच्या बाजूचे पंच, माझ्याबरोबर कितीतरी वर्षं उभे राहिलेले गृहस्थ, चालत माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, पाय पडला होता. तुमच्या बाजूलाच, डाव्या हाताला." सरपंचांनी, म्हणजे आमच्या मुख्य पंचांनी, माझा निर्णय फिरवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला इतक्या झोंबल्या की घरी येऊन मी भांडी आदळत घासली.

पण आत कुठेतरी भीती बसली होती. कारण मी त्या पोरीवरची नजर हलवली नव्हती. माझ्या पायांपासून चार हातांवर पाय पडला आणि मला तो दिसलाच नाही, हे कसं झालं ते मला कळेना. मग बाकीच्या गोष्टी आठवू लागल्या. डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. ताटाच्या डाव्या बाजूचा पाण्याचा पेला हटकून सांडायचा, आणि मी पेला तिथे ठेवणाऱ्याला बोलायचे. नवरा म्हणाला, चष्म्याचा नंबर वाढला असेल, चल, शिळफाट्याला डोळ्यांचा दवाखाना आहे.

तिथली डॉक्टर वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी. तिने डोळ्यावर हवेची फुंकर मारणाऱ्या मशीनपुढे बसवलं, बुबुळाच्या आतून उजेड टाकून बघितलं, आणि मग एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालायला लावून हातात बटण दिलं. समोर नजर ठेवायची, कुठेही बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच चमकेना. बाहेर नवरा वाट बघतोय, आत मी आंधळ्यासारखी बसलेय, हात शिवशिवत होता की उगाच दाबावं. पण अंदाजाने गुण देणारी पंच मी नाही. दिसला तेव्हाच दाबलं.

कागदावर डाव्या बाजूला काळं पसरलेलं होतं. काचबिंदू, डॉक्टर म्हणाली. डोळ्याच्या आतला दाब वाढलाय आणि मागची नस हळूहळू वाळतेय.

आता आमच्याकडे बिंदू म्हटलं की मोतीबिंदू, आणि मोतीबिंदू म्हटलं की तो आधी पिकला पाहिजे. माझी जाऊ तर लगेच म्हणाली की घाई कशाला, पिकू दे चांगला, मग एकदम काढून टाकतील, तिच्या आईचा नाही का काढला. मलाही ते पटलं, म्हणजे पटवून घ्यायला बरं वाटलं. पुढच्या खेपेला मी डॉक्टरलाच विचारलं की हा पिकायला साधारण किती दिवस लागतील. तिने पेन खाली ठेवलं.

"मॅडम, काचबिंदू पिकत नाही," ती म्हणाली. "यात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली आहे ती राखायची. दाब उतरला नाही तर आधी कडा जातील, मग मधलंही जाईल."

कडा म्हणजेच तर पंच. मध्ये काय चाललंय ते सगळं गाव बघतं, पंचाला ठेवतात ते रेघांसाठी. कडा गेल्या की शिटी गेली, आणि तिच्या मागोमाग उजेडही जायचा. येताना मी गाडीत एक शब्द बोलले नाही. नवऱ्याला वाटलं मी रागावलेय. मी घाबरले होते.

डॉक्टरने थेंब लिहून दिले होते. लिहिण्याआधी तिने बरंच विचारलं होतं. साखर आहे का, हृदयाचं काही आहे का, दमा आहे का. दमा म्हटल्यावर मला हसू आलं. मी म्हणाले, डॉक्टर, दमा कसला विचारता, माझा दम बघायला माणसं टेंपो करून यायची. नवराही हसला. तिने पुन्हा विचारलं, लहानपणी कधी? मी ठासून नाही म्हटलं.

थेंबांनी कमाल केली. पुढच्या तपासणीत दाब चांगला उतरला होता. मी येताना खोपोलीत जिलबी घेतली आणि शाळेतल्या सगळ्यांना वाटली. जाऊ म्हणाली, न पिकताच बरा झाला म्हणायचा.

आणि मग श्वास लागायला लागला. आधी जिना चढताना. मग पोरींबरोबर मैदानाला फेरी मारताना. मला वाटलं वय झालं, वजन वाढलं, आणखी काय. छातीत घरघर व्हायची, ती मी खोकल्यावर ढकलली. थेंब टाकल्यावर घशात कडवट लागायचं, त्याकडे तर मी लक्षच दिलं नाही. मग एका सामन्यात पकडीचा गोंधळ झाला, सात-आठ पोरी एकावर एक, आणि मी खेळ थांबवायला शिटी फुंकली तर तोंडातून नुसतं फुस्स आलं. पोरी झटापट करतच राहिल्या. दुसऱ्या पंचांनी शिटी मारून खेळ थांबवला. एका पोरीचा हात मुरगळला, नशीब की तेवढ्यावरच निभावलं.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की आता पंचगिरी पुरे. डोळे वाचले पण शिटीतली हवा गेली, तर उभं राहून करायचं काय? शिटी गळ्यातून काढून मी कपाटातल्या साड्यांखाली ठेवली. नवऱ्याला म्हटलं, कंटाळा आला. त्याचा विश्वास बसला नाही, पण माझ्या तोंडाला लागायची त्याची छाती नाही.

शिटीबद्दल आईला सांगायला म्हणून मी माहेरी गेले. माहेर खालापूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. आई ओट्यावर वाल सोलत बसली होती. मी चढण चढून आले आणि धापा टाकत तिच्या शेजारी टेकले. तिने वाल बाजूला सारले, कान माझ्या पाठीला लावला आणि म्हणाली, "परत घुरघुराय लागलीस व्हय गं?"

मी म्हटलं, परत म्हणजे?

आई वालाची सालं गोळा करू लागली. माझी आई कधी गप्प बसत नाही, म्हणून मी हटूनच बसले. मग ती बोलली. लहानपणी थंडी पडली की माझी छाती घुरघुरायची. ती अडुळशाचा रस पाजायची, उशा लावून मला बसती निजवायची. पुढे मोठी झाले, खेळायला लागले, तसं कमी होत गेलं. मला त्यातलं धाप एवढंच आठवत होतं. आमच्या घरी सगळे धापच म्हणायचे. पोरीला धाप लागते, थंडीची धाप.

"दमाच व्हता तो," आई म्हणाली. "डाक्तरनं तवाच सांगितलं व्हतं. पन पोरीला दमा हाय म्हटल्यावर कोन करील तिला? म्हून आमी धाप म्हनायचो. घरात कुनाला तो सबूद काढू दिला नाय मी."

मला आधी राग आला. असा राग की वालाचं सूप उधळावं वाटलं. एका शब्दापायी माझी छाती बंद पडायची वेळ आली. मग आईच्या हातांकडे बघितलं. त्या हातांनी माझी पाठ चोळून चोळून मला कबड्डीच्या मैदानावर उभं केलं होतं, आणि त्याच हातांनी तो शब्द झाकून ठेवला होता. मला रडू फुटलं. आई म्हणाली, रडू नको, परत धाप लागंल. त्यावर आम्ही दोघीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडायच्या आधी शिळफाट्याला हजर. डॉक्टरला म्हटलं, मला दमा आहे. आमच्या घरात त्याला धाप म्हणतात. ती चिडेल असं वाटलं होतं, पण तिने नळी छातीला लावली, ते थेंब तिथल्या तिथे बंद केले आणि छातीच्या डॉक्टरांना फोन लावला. मग मला बसवून सगळं समजावलं. मी एवढ्या वर्षांची शिक्षिका, पण त्या दिवशी पहिल्या बाकावरच्या पोरीसारखी ऐकत होते.

डोळ्यात सतत पाणी तयार होतं. रडायचं नव्हे, आतलं. ते एका जाळीतून झिरपून बाहेर जातं. तयार होणं आणि झिरपणं यांचा मेळ चुकला की दाब वाढतो. हे पाणी बनवणाऱ्या पेशींच्या अंगावर बारीक बारीक जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. शरीरातला एक रस येऊन त्या जागेवर बसला की पेशीला हुकूम मिळतो, बनव पाणी. माझे थेंब त्या जागेवर आधीच जाऊन बसायचे. रस येतो, बघतो, जागा भरलेली, परत जातो. पाणी कमी बनतं, दाब उतरतो.

मी म्हटलं, म्हणजे एसटी लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकतो तसं. रुमाल दिसला की दुसरा माणूस बसत नाही.

डॉक्टर एवढी हसली की बाहेरच्या मुलीने आत डोकावून बघितलं. ती म्हणाली, अगदी तसंच, आणि घोटाळाही तिथेच आहे. तशाच जागा श्वासाच्या नळ्यांवरही असतात. तिथे तोच रस बसला की नळ्या उघड्या राहतात. डोळ्यातला थेंब नाकाच्या वाटेने घशात उतरतो, तो कडवटपणा त्याचाच. तिथून रक्तात, आणि रक्तातून छातीत. तिथेही रुमाल पडतो. ज्याला दमा नाही त्याला बहुधा कळतही नाही. ज्याला आहे त्याच्या नळ्या आवळतात.

मला एकदम सगळं लख्ख दिसलं. माझा दम गेला नव्हता. त्याच्या जागेवर कोणीतरी रुमाल टाकून ठेवला होता.

मग तिने दुसरे थेंब दिले. ते वेगळ्याच जागांवर बसतात आणि जागा अडवत नाहीत, उलट हुकूम देतात, पाणी बाहेर सोडायचा. भातखाचरात पाणी तुंबलं की बांध जरा फोडून वाट करून देतो, तसा निचरा वाढतो. थेंब टाकल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही, हेही तिने पुन्हा करून दाखवलं. पहिल्या खेपेलाही दाखवलं होतं म्हणे. पहिल्या खेपेला मी दमाच्या गोष्टी सांगण्यात दंग होते.

याच सुमारास नवऱ्याच्या कंपनीतल्या एकाने फोनवर काहीतरी वाचलं आणि नवरा घरी येऊन दबक्या आवाजात सांगू लागला की गांजाने म्हणे डोळ्याचा दाब उतरतो. मी तेही डॉक्टरला विचारलं, नवरा लाजेने छताकडे बघत होता. ती म्हणाली, उतरतो, कारण त्यालाही धरणाऱ्या जागा डोळ्यात आहेत. पण तेवढ्यापुरता उतरतो, पुन्हा चढतो, रक्तदाब पाडतो आणि डोकं फिरवतो ते वेगळंच. मी म्हटलं, डोकं माझं आधीच फिरलेलं असतं, त्याला औषध नको. पण ती सांगत होती की शास्त्रज्ञ अशा वेगवेगळ्या जागांचा शोध घेतायत. डोळ्यातच काम करेल आणि बाकी शरीराला त्रास देणार नाही असं औषध बनवता येईल का, पाण्याबरोबर ती मागची नसही जपता येईल का, हे बघतायत. अजून प्रयोगशाळेतच आहे, खात्री कसलीच नाही. मी म्हटलं, त्यांना सांगा आटपा लवकर, मी तोपर्यंत कोपरा दाबून बसते.

नव्या थेंबांनी श्वास मोकळा राहिला. छातीच्या डॉक्टरांनी दिलेला, तोंडाने ओढायचा फवारा चालू झाला. दाब उतरला आणि उतरलेलाच राहिला. आणि एक भलतीच गंमत झाली, माझ्या पापण्या वाढायला लागल्या. लांब, काळ्याभोर, नव्या नवरीसारख्या. शाळेतल्या बायका विचारायच्या काय लावतेस गं, आणि मी सांगायचे, काचबिंदू. जावेला तर खरंच वाटेना. या औषधाचा तो परिणामच आहे, डॉक्टरने आधीच सांगितलं होतं. नवरा म्हणाला, एवढ्या वर्षांत तुझ्या डोळ्यांकडे बघायचं राहूनच गेलं होतं. मी त्याला गप्प बस म्हटलं, पण आरशात दोनदा बघून घेतलं.

वाडग्याच्या यंत्रात पुन्हा तोंड घातलं. दिसला तेव्हाच बटण दाबलं. डॉक्टरने जुना आणि नवा कागद शेजारी शेजारी धरला. काळं जेवढं होतं तेवढंच होतं. एक ठिपकाही पुढे सरकला नव्हता. मी तिच्या टेबलावर जोरात थाप मारली, तिचा चहा सांडला. गेलेलं गेलं, पण उरलेलं सगळं माझं होतं.

साड्यांखालून शिटी काढली. डावी कड नाही तर नाही, मान तर आहे. शाळेच्या मैदानावर पोरींना चढाया करायला लावून मी उभं राहायची नवी तऱ्हा बसवली. थोडं मागे सरून, अंग डावीकडे वळवून, मान सारखी फिरती. कोंबडी दाणे टिपताना दिसते तशी मी दिसत असणार. दिसू दे. बरोबरच्या पंचांना आणि सरपंचांना डोळ्याचं खरं सांगून टाकलं, शब्द न झाकता. त्यांनी सरावात मला बराच वेळ पारखलं आणि मगच उभं केलं.

मुलींचा अंतिम सामना खालापुरात होता, दुपारी उन्हात. आई बघायला आली होती, पदर डोक्यावर, पुढच्याच रांगेत, बायकांच्या मध्ये. गुण बरोबरीत, शेवटची चढाई. चढाई करणारी पोरगी यजमान गावची, म्हणजे अख्खं मैदान तिच्या बाजूचं. ती माझ्या डाव्या कोपऱ्यात घुसली. मी मान वळवली. तिची टाच पट्ट्यात टेकली, धुळीत तिचा ठसा उठला, आणि मग तिचा हात कोपऱ्यातल्या मुलीला लागला. आधी टाच, मग हात.

मी शिटी फुंकली. लांब, भरलेली, छातीच्या तळापासून. मैदान थांबलं. पोरगी बाद.

आणि सुरू झालं. पंचाचे डोळे फुटलेत काय. पोरं दोरीपर्यंत आली. मी जागची हलले नाही, नुसतं बोट करून तो ठसा दाखवला. सरपंच येऊन वाकले, बघितलं, निर्णय कायम ठेवला. आणि ती पोरगी, ती खरी खेळाडू, तिने हात वर केला आणि माझ्याकडे बघून मान हलवली, की हो, पडला होता पाय. तिच्याच गावची माणसं मग गप्प झाली.

आईच्या शेजारची एक बाई तरीही पुटपुटत होती की या पंचबाईला नीट दिसतं तरी का. आईने पदर सावरला. जो शब्द तिने माझ्या लग्नासाठी जन्मभर घरात काढू दिला नव्हता, तो तिने अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा उच्चारला.

"माजी लेक हाय ती," आई म्हणाली. "काचबिंदू हाय तिला. दमा पन हाय. शिटी आयकलीस ना?"